झोपेच्या वहीतला राहिलेला दिवस

वही काढू नको, असं सांगून गेलात. मी काढली. सारा जन्म तुमचं ऐकत आले असं काही नाही, तेव्हा आताच ऐकेन असं तुम्हालाही वाटलं नसणार.

आज तेरावा दिवस. गोडाचं जेवण झालं, पै-पाहुणे आपापल्या वाटेला लागले, आपली सुमन मागं भांडी घासते आहे आणि मी पडवीत तुमच्या जागेवर बसले आहे. ही तिसरी वही. हिची निम्मी पानं कोरी आहेत, कारण गेली तीन वर्षं तुम्ही तसे झोपलाच नाहीत. पहिल्या दोन वह्या मांडीवर आहेत. त्यांतल्या दुसरीत एक दिवस मी पुरा लिहिलेला नाही. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही, आणि तो दिवस माझ्या पोटात सहा वर्षं बसून राहिला. तेवढा लिहायचा म्हणून बसले आहे. बाकीचं त्याच्या पाठोपाठ येईल.

तुमच्या झोपेची गोष्ट आमच्या घरी कुणी सांगितली नव्हती. मुलगा धट्टाकट्टा आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, धरणाच्या पाण्यावर होडी चालवतो, एवढंच मध्यस्थानं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. लग्नाला पाच महिने झाले आणि एका सकाळी तुम्ही म्हणालात, "डोकं जड झालंय. समदं लांब लांब दिसतंय." खाली जाऊन होडीतली वल्ही घेऊन आलात, उंबऱ्याशी आडवी ठेवलीत आणि झोपलात. दुसऱ्या दिवशी उठला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गळा काढला, तर आत्याबाई, तुमच्या आई, चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत.

"रडू नगंस. मरत न्हाई त्यो," त्या म्हणाल्या. "मिसरूड फुटायच्या वक्ताला ताप आला व्हता, तवापसनं असंच हाय. आठ-पंधरा दिस झोपतोय, मग उठतोय. वल्ही दारात आडवी पडली की समजायचं, होडी बंद."

"मग सोयरीक करताना का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का?"



झोपेत तुम्ही दिवसातून दोनदा उठायचात, पण तो उठणारा माणूस तुम्ही नव्हतात. डोळे उघडे आणि आत कुणी नाही. चार-पाच भाकरी खायच्या, गूळ मागायचा, नाही दिला तर लहान पोरासारखा ओठ काढायचा, मला "ए बाई" म्हणायचं, परसाकडे जाऊन यायचं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड. सुमन चार वर्षांची होती तेव्हा गुळाच्या खड्यावरून तुमची आणि तिची मारामारी मी सोडवली आहे. उठल्यावर हे ऐकून तुम्ही पोरीची रीतसर माफी मागितलीत, आणि तिनंही ती लगेच दिली नाही.

गावानं मात्र निराळाच अर्थ लावला. बारा बारा दिवस झोपून माणूस मरत नाही, म्हणजे तो नक्की देवापाशी बसून येत असणार. आपल्या भैरोबाला कौल लावतात तो कसा, तर देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका सकाळी मी पाण्याहून आले, तर शेजारची म्हातारी तुमच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना तांदळाचा दाणा चिकटवून समोर हात जोडून बसलेली. तिची म्हैस हरवली होती. तुम्ही नाक फेंदारलंत, उजवा दाणा पडला, आणि म्हैस उजव्या अंगाच्या ओढ्यात सापडली. झालं. दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. आत्याबाई येणाऱ्याला पाट द्यायच्या आणि मी तुमच्या कपाळावरचे दाणे पुसत बसायची.

उठल्यावर मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. मग अंघोळ करून घरोघर गेलात आणि प्रत्येकाला सांगितलंत, "मी देवापाशी न्हवतो. मी कुटंच न्हवतो. म्हस तिच्या पायानं सापडली."

लोकांना ते पटलं नाही, पण मला त्यातलं "कुटंच न्हवतो" फार लागलं. त्या दिवशी तुम्ही मला समोर बसवून म्हणालात, "काय काय झालं ते एकूण एक सांग." मी सांगत गेले, पण पुढचं मागं आणि मागचं पुढं. तुम्ही विचारलंत, "तिसऱ्या दिशी काय झालं?" मला आठवेना. तिसरा दिवस इतर दिवसांसारखाच असणार, मी कशाला लक्षात ठेवते. तुमचा चेहरा उतरला. "म्हंजी त्यो दिस गेलाच," एवढंच म्हणालात.

त्या एका वाक्यापायी मी अक्षरं शिकले. शाळेच्या गुरुजींच्या बाईंकडे दुपारी तांदूळ निवडायला जायची आणि ताटात पसरलेल्या आंबेमोहोरावर त्या बोटानं 'ग' काढायच्या, मी मोडून पुन्हा काढायची. वर्षभरात वाचता आलं, दोन वर्षांत लिहिता आलं. बाई शहरातल्या होत्या, त्यांनी पुस्तकातली भाषा शिकवली, म्हणून तुम्ही मला हिणवायचात: "घरात मुळशीची आन वहीत पुण्याची." पहिल्या वहीवर तुमचं नाव घाल म्हणाल्या तर मी जीभ चावली. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं, ते लिहायचं कसं? मग बाईंनीच वर 'झोपेची वही' असं घातलं. ते अजून आहे.

'सोमवार. कपिलेला कालवड झाली, कपाळावर चांद आहे. भावजींनी होडी दोनदा नेली. नाचणी लावून झाली. आत्याबाईंचे गुडघे दुखतात. तुम्ही पाच भाकरी खाल्ल्या.' असं मी लिहायची. भावजी म्हणजे तुमचा चुलतभाऊ. तुम्ही झोपलात की होडी त्यांच्याकडे. आणि झोप संपली की शेवटची ओळ ठरलेली: 'उठल्यावर पहिलं बोलणं.' ती का लिहायची कुणास ठाऊक. पोराचा पहिला शब्द आई लक्षात ठेवते तसं काहीतरी असेल.

तुमचं उठणं मी किती वेळा पाहिलं, आणि एकदाही मला त्याची सवय झाली नाही. डोळे उघडायचे आणि त्यांत तुम्ही असायचात. "कितवा दिस?" विचारायचात. अंघोळ करून पायरीवर बसून वही वाचायचात, प्रत्येक ओळीखाली बोट, ओठ हलताहेत. चौथीपर्यंतच शिकलेले, पण त्या वहीचा कानामात्रा सोडला नाहीत. आणि मग उठून निघायचात. कालवड झाली असं लिहिलंय ना, मग गोठ्यात जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवायचा. नाचणी लावली, तर त्या शेतात उभं राहायचं. कुणी गेलं असेल तर त्या घरी जाऊन, दहावा होऊन गेला असला तरी, ओसरीवर गप्प बसून यायचं. वहीत लिहिलेला एकेक दिवस तुम्ही पायांनी चालून परत आणायचात. मी दारात उभी राहून बघत बसायची. कुणाचे दिवस असे वर्षाला दोनदा हिसकावून नेले असते तर त्यानं देवाला शिव्या घातल्या असत्या. मी तर तुमच्या वाटच्याही घातल्या. तुम्ही मात्र कालवडीच्या कपाळावर हात ठेवून असे उभे, की जणू चांद असलेली कालवड जगात पहिल्यांदाच झाली.

आणि वर झोपेआधीचं काही विसरायचं नाव नाही. फणसाचं रोप विहिरीशी लावायचं की गोठ्यामागं, यावरून आपलं जुंपलं होतं, आणि ऐन भांडणात तुम्ही वल्ही आणून झोपलात. मी म्हटलं, सुटले. अकराव्या दिवशी वही वाचून झाली आणि तुम्ही म्हणालात, "आन दुसरी गोष्ट, गोठ्यामागं सावली हाय." रोप तोवर मी विहिरीशी लावून टाकलं होतं, आणि ते वहीत लिहिलं नव्हतं.

पुण्याच्या डॉक्टरांनाही तुम्ही असंच निरुत्तर केलंत. त्यांनी आणखी तीन डॉक्टर बोलावून आणले, सगळ्यांनी तुम्हाला वाजवून-ठोकून पाहिलं. असा रोगी पुस्तकात वाचला होता, पाहिला नव्हता, असं म्हणाले. औषध नाही, वय वाढेल तशी झोप कमी होत जाईल, बहुधा. तुम्ही सदरा घालत म्हणालात, "म्हंजी समदी म्हातारी झाली की झोपत्यात, मी म्हातारा झालो की जागा व्हईन." थोरले डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला, ते मी पाहिलं.

नवं राज्य झालं त्या उन्हाळ्यातही तुम्ही झोपेत होता. झोपलात मुंबई राज्यात आणि उठलात महाराष्ट्रात, म्हणून गावानं वर्षभर चेष्टा केली. त्या वैशाखात पाणी खूप खाली गेलं आणि धरणात बुडालेल्या जुन्या गावाचं देऊळ वर आलं. आत्याबाई नव्या नवरी असताना ते गाव पाण्याखाली गेलेलं. दर वर्षी तुमच्या हाताला धरून त्या गाळातून देवळापर्यंत जायच्या, त्या वर्षी मला घेऊन गेल्या. आपल्या जुन्या अंगणाची जागा त्यांनी पायानं चाचपून काढली. तिथला मूठभर गाळ पदरात बांधून आणला आणि वाटीत घालून तुमच्या उशाशी ठेवला.

"वास तरी जाईल त्याला," त्या म्हणाल्या. "बुडलेलं गाव वर येतंय दरसाल, माजा लेक तर जिता हाय."

उठल्यावर तुम्ही त्या वाटीत बोट घातलंत आणि ते वाळलेल्या गाळाचं बोट नाकाशी धरून कितीतरी वेळ बसलात. तेव्हा आपला तो वाद सुरू झाला, जो काही मिटला नाही. मी म्हणायची, झोपेत तुम्हाला वास येतो, ऐकू येतं, सगळं कळतं. तुम्ही म्हणायचात, छे. फार छळलं तेव्हा एकदा म्हणालात, "पान्याच्या तळाला बसल्यावर वर कुनीतरी बोलतंय एवढं कळतं. काय बोलतंय ते न्हाई कळत." मी त्यावर विश्वास ठेवला. पुढं तर मला तो ठेवणं भागच झालं.

आता तो दिवस.

पुढच्या साली भात कापणीत तुम्ही झोपलात. आठव्या दिवशी आत्याबाईंचा ताप छातीत उतरला. माजघरात एका भिंतीशी तुम्ही आणि समोरच्या भिंतीशी त्या, मध्ये सात पावलं. दुपारी त्यांनी विचारलं, "बाळ कुटं हाय गं?" नजर गेली होती, समोर तुम्ही होता ते दिसत नव्हतं. मी तुम्हाला हलवलं, तोंडावर पाणी मारलं, चिमटे काढले. तुम्ही डोळे उघडलेत, "ए बाई, गूळ दे" म्हणालात, मी दिला, आणि तो मुठीत धरून भिंतीकडे वळलात.

"होडी घेऊन पलीकडं गेल्यात," मी आत्याबाईंना म्हणाले. "येतायत."

"येऊ दे हळूहळू. पानी लई हाय," त्या म्हणाल्या. त्यानंतर बोलल्या नाहीत.

भावजींनी अग्नी दिला. मी घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. तुमच्या मुठीत गूळ तसाच होता, आणि मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून तुमच्या मनगटावर चढली होती. मी मूठ उघडली, मुंग्या पुसल्या, हात धुतला. आणि मग माझ्यातलं काय फाटलं ते मला अजून सांगता येत नाही. तुमच्या कानाशी तोंड नेऊन मी म्हणाले, "आसंच पडायचं असंल तर उठूच नगा आता. रोज रंडकी झाल्यागत बसायचं, त्यापरीस एकदाच होऊ द्या."

ते वहीत नाही. वहीत आहे ते एवढंच: 'बुधवार. आत्याबाई गेल्या. भावजींनी अग्नी दिला.' खाली पान कोरं.

आणि तुम्ही उठेनात. बारावा दिवस गेला, पंधरावा गेला, अठरावा गेला. इतके कधीच झोपला नव्हतात. मला वाटलं, पोचलं. माझा शब्द तळापर्यंत पोचला आणि तुम्ही तो पाळताय. मी भैरोबाला गेले, कौल लावला, आणि कळी पडायच्या आधीच पळून आले. एकविसाव्या दिवशी मी अंगणात भात झोडत होते. पाठीमागून आवाज आला.

"उठलो बघ."

दाराची चौकट धरून तुम्ही उभे होता. मी हातातली पेंढी टाकून खाली बसले आणि रडले. मग आत्याबाईंचं सांगितलं. तुम्ही वही मागितलीत. बुधवारच्या पानाशी आलात, दोन ओळी वाचल्यात, आणि तुमचं बोट तिथं थांबलं नाही. कोऱ्या भागावरूनही, जणू तिथं ओळी आहेत असं, ते एकेक ओळ खाली खाली गेलं, पानाच्या तळापर्यंत. मग पान उलटलंत.

"आईनं इचारलं का मला?"

"इचारलं."

"काय सांगितलंस?"

"होडी घेऊन पलीकडं गेल्यात म्हणले. येतायत."

"बरं केलंस," तुम्ही म्हणालात. खाली जाऊन डोकं भादरून घेतलंत, अंघोळ केलीत, आणि एकवीस दिवसांच्या अशक्त हातांनी एकट्यानं होडी पलीकडे नेलीत नि परत आणलीत. मी काठावर उभी होते. माझं खोटं तुम्ही खरं करून दिलंत. एवढ्या मोठ्या पाण्यावर तुम्ही केवढेसे दिसत होता, आणि एवढा मोठा माणूस मी त्याआधी किंवा नंतर पाहिला नाही.

त्यानंतर चार वेळा झोपलात. मग डॉक्टर म्हणाले तसं झोपेनंच तुम्हाला सोडलं. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. वही मी फडताळात टाकली.

आणि या चैत्रात मी भाकरी घेऊन काठावर आले, तर होडी पालथी घातलेली, अर्ध्या तळाला डांबर लावून झालेलं, आणि तुम्ही छाती धरून बसलेले. तुमचं डोकं मांडीवर घेतलं. मला आधी काय वाटलं सांगू? मला वाटलं, झोप परत आली. हायसंच वाटलं मला. "डोकं जड झालंय का?" मी विचारलं. वल्ही तिथंच वाळूत पडली होती, तुम्ही ती घरी आणली नव्हती, तरी मला कळलं नाही. डांबरानं काळा झालेला हात तुम्ही माझ्या मनगटावर ठेवलात.

"ही झोप न्हाई गं. वही काढू नगंस."

मी वाट बघत बसेन हे तुम्हाला ठाऊक होतं. जाताजाता तेवढी एक काळजी तुम्ही केलीत.

दहाव्याला कावळा शिवेना. भावजी म्हणाले, होडी पुरी डांबरून पाण्यात सोडतो. सुमनचे मामा म्हणाले, तिचं कन्यादान मी करतो. कावळा फांदीवर ढिम्म. मी लांबून मनात म्हटलं, राहिलेला दिवस लिहीन. तो खाली आला. भूक लागली असेल त्याला, ऊन चढलं होतं. पण मी ती परवानगी धरली.

काल तिन्ही वह्या पहिल्यापासून वाचून काढल्या. लिहिताना कधी सलग वाचल्या नव्हत्या, त्या तुमच्यासाठी होत्या. प्रत्येक झोपेची शेवटची ओळ. उठल्यावर पहिलं बोलणं: कितवा दिस. उठल्यावर पहिलं बोलणं: कितवा दिस. पानं उलटत गेले, दर वेळी तेच. आणि आत्याबाईंच्या त्या झोपेनंतर: उठलो बघ. पुढच्या खेपेला: उठलो बघ. पुढच्या: उठलो बघ. पाचही वेळा. तेव्हा मी हसायची, "लई मोठं काम केलं," म्हणायची, आणि तुम्ही नुसते माझ्याकडे बघायचात. कितवा दिवस ते पुन्हा कधी विचारलंच नाहीत.

तळाशी शब्द कळत नाहीत, हे तुम्ही मला खोटं सांगितलं होतंत. की त्या एकाच वेळी कळले? आता कुणाला विचारू. पण कोऱ्या पानावरून गेलेलं ते बोट मला काल पुन्हा दिसलं. तुम्ही ते वाचलं होतंत. आणि माझ्यावर न रागावता, मला न लाजवता, दर खेपेला सगळ्यात आधी माझा तो शब्द माझ्यासमोर मोडून दाखवत होता.

आत्याबाईंनी विचारलं होतं, सांगितलं असतं तर आली असतीस का? नसते आले. आणि केवढ्याला मुकले असते.

दुसरी वही उघडली आहे. पान तेच. दोन ओळींच्या खाली लिहिते.

'बुधवार. आत्याबाई गेल्या. भावजींनी अग्नी दिला. संध्याकाळी मी तुमच्या कानात म्हणाले, उठू नका. ते तुम्हाला ऐकू गेलं. तरी तुम्ही उठलात.'